विंडोजचा खेळ लिनक्सवर न चालल्यास करावयाची कार्यवाही

ज्या गृहस्थाच्या संगणकावर त्याच्या भाच्याने परस्पर लिनक्स बसवून ठेवले आहे, आणि विंडोजकरिता रचलेला एखादा खेळ स्टीमच्या दुकानात सवलतीत दिसला म्हणून ज्याने पूर्वापर विचार न करता तो खरेदी केला आहे, त्याच्या वाट्यास, 'प्ले'चे बटण दाबताच ते क्षणभर 'स्टॉप' होऊन पुन्हा निमूटपणे 'प्ले' व्हावे व मध्यंतरी पडद्यावर काहीही घडू नये, हा प्रसंग कधी ना कधी येतोच. अशा समयी चित्ताची समता ढळू न देता कोणता क्रम अवलंबावा, याचे दिग्दर्शन करण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम कर्तव्य हे की, भाच्यास फोन करू नये. "माझ्याकडे तर चालतो, मामा," हे त्याचे पहिले वाक्य असते आणि "तुम्ही काही हलवलंत का?" हे दुसरे, या दोहोंमुळे खेळ चालू होत नाही, रक्तदाब मात्र होतो.

नंतर थोडे तत्त्वज्ञान. पेशवाईत फार्सी पत्रव्यवहारासाठी जसा पारसनीस असे, तसा विंडोजच्या प्रोग्रामची प्रत्येक मागणी लिनक्सला कळेल अशा रीतीने रुजू करणारा 'वाइन' नामक कारभारी १९९३ साली नेमला गेला, आणि आवृत्ती १.० म्हणवून घेण्याइतका आत्मविश्वास त्यास २००८ साली आला. सारांश, ही विद्या उतावळ्यांची नव्हे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये त्याच्यावरच 'प्रोटॉन' उभारले आणि डायरेक्टथ्रीडीची चित्रविषयक फर्माने लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कन या चित्रभाषेत उतरवून देणारा डीएक्सव्हीके हा मदतनीस त्याच्या दिमतीस दिला. म्हणून ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर व्हल्कन जाणतो की नाही, हे सर्वांआधी पाहावे. तो जाणत नसेल तर पुढील खटाटोप बहुधा व्यर्थ आहे.

खेळ कोणत्या पार्टिशनवर ठेवला आहे, याचीही चौकशी करावी. लिनक्सच्या थोरवीवर जेवणाच्या पंगतीत व्याख्यान देणाऱ्या आमच्या भाच्याने स्वतःच्या यंत्रावर एनटीएफएसचे एक पार्टिशन राखून त्यावर विंडोज 'अडीअडचणीला' म्हणून ठेवलेले आहे, ही माहिती मला त्याच्या आईकडून, म्हणजे विश्वसनीय गोटातून, मिळाली. 'माझ्याकडे तर चालतो' या विधानाचा अर्थ तेव्हा लागला. असो. मुद्दा असा की, प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी विंडोजचा जो कृत्रिम संसार थाटतो, त्यात 'सी:' अशा अपूर्णविरामयुक्त नावाच्या लिंका असतात, आणि विंडोजला फाइलच्या नावात ते चिन्ह मुळीच चालत नसल्याने एनटीएफएसवर हा संसार बहुधा मोडतो. खेळ लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनवर हलवावा.

एवढे करूनही बटण पूर्ववत 'प्ले' होत असेल, तर लाँच ऑप्शन्समधून प्रोटॉनचा लॉग चालू करावा व होम फोल्डरमध्ये उमटणारी फाइल उघडावी. तीत 'फिक्समी' हा शब्द मिरवणाऱ्या असंख्य ओळी दिसतील. त्या वाचून घाबरू नये. वाइनच्या कर्त्यांनी पुढे करावयाच्या कामांच्या त्या नोंदी होत, आणि उत्तम चालणाऱ्या खेळातही त्या आढळतात. शोध 'एर्र'चा घ्यावा, आणि तोही फाइलीच्या शेवटाकडून.

यापुढील नियम मी तांबड्या शाईने लिहिला असता: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रोटॉनची आवृत्ती बदलली की खेळ चालवून पाहावा, मग हवे तर दुसरी आवृत्ती, मग जीई-प्रोटॉन ही हौशी हातांनी घडवलेली आवृत्ती. भाचा एका बैठकीत आवृत्ती, ड्रायव्हर, कर्नल आणि भिंतीवरचे चित्र असे सर्व काही बदलतो. खेळ सुरू झालाच तर कोणत्या उपायाने झाला हे ब्रह्मदेवासही सांगता येत नाही, आणि आठ दिवसांनी तो पुन्हा बंद पडला की सारे पहिल्यापासून. तथापि रात्री दीड वाजता, पोह्यांची बशी मांडीवर घेऊन, मामाच्या क्षुल्लक खेळासाठी लॉगची ओळ न् ओळ वाचीत बसणारा दुसरा माणूस आमच्या आप्तवर्गात नाही, हेही येथे दप्तरी नोंदवून ठेवतो.

कृत्रिम संसार पुसून नवा थाटणे हा रामबाण उपाय खरा, परंतु खेळाचे सेव्ह कित्येकदा त्याच्याच पोटात असतात. आधी ते बाहेर काढावेत.

लबाडी रोखणारा पहारेकरी खेळात असेल तर प्रकरण निराळे. ईझी अँटी-चीट व बॅटलआय यांना २०२१ पासून प्रोटॉन मंजूर आहे, पण खेळाच्या कर्त्याने तशी परवानगी दिली तरच. आणि व्हॅलोरंट या खेळाचा पहारेकरी तर विंडोजच्या कर्नलमध्येच ठाण मांडून बसत असल्याने तेथे कोणाचीच मात्रा चालत नाही. अशा वेळी रकमेच्या परताव्याचा अर्ज करावा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास स्टीम पैसे परत देते. न चालणारा खेळ दोन तास खेळला जाण्याची धास्ती नसते. परंतु "मामा, अजून एकच गोष्ट करून बघतो" यात पंधरवडा सहज सरतो, म्हणून तेराव्या दिवशी, भाचा चहा आणावयास स्वयंपाकघरात गेला असता, तो अर्ज उरकून घ्यावा.