मु. पो. जयपूर

आमच्या भावजींना कुठल्याही गावाचं नाव सांगा, ते एकच विचारतात, “उतरायचं कुठं?” लग्नाची पत्रिका हातात पडली की मुलगा कोणाचा, मुलगी कोणाची, मुहूर्त किती वाजताचा हे सगळं नंतर. आधी कार्यालयाचा पत्ता, आणि त्याखाली ‘निवासाची सोय’ असं छापलंय का ते बघायचं. एकदा कऱ्हाडला एका दूरच्या नातलगाच्या दिवसांना जायचं होतं. गेलेला माणूस भला, वय झालेलं, सगळे हळहळत होते. भावजीही हळहळले आणि मग ताईला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “घर मोठं आहे ना गं त्यांचं?”

असा माणूस तुमच्याही घरात असणार. त्याला गाव बघायचं नसतं असं नाही, पण पाठ टेकायची जागा नक्की झाल्याशिवाय त्याला ताजमहालसुद्धा दिसत नाही. तोंडी वाक्य मात्र उलटंच असतं, “आपल्याला काय, रात्री झोपायला तर जायचंय!” हे वाक्य ऐकलं की पुढचे दोन महिने गेले असं समजावं.

भावजी बँकेत आहेत. त्यामुळे देशातल्या झाडून सगळ्या हॉलिडे होमची यादी त्यांच्याकडे असते, आणि त्यातलं एकही हव्या त्या तारखेला मोकळं नसतं. सरकारी विश्रामगृहं, भक्तनिवास, धर्मशाळा, एमटीडीसी यांची उतरंड त्यांच्या मनात पक्की आहे. ओळखीचं घर यात सगळ्यात खाली. “ओळखीच्यांकडे भाडं वाचतं आणि मिठाईचे पुडे, पोरांच्या हातावर ठेवायचे पैसे यात दुप्पट जातं. वर सकाळी बाथरूमला नंबर लावायचा तो वेगळा,” हे त्यांचं मत. रेल्वेच्या रिटायरिंग रूमवर त्यांचा जीव आहे. पण ती पीएनआर असल्याशिवाय मिळत नाही, आणि राहायची सोय झाल्याशिवाय ते तिकीट काढत नाहीत. हा पेच अजून सुटलेला नाही.

तर, चिऊची बारावी झाली. तिला आता चिऊ म्हटलेलं आवडत नाही, पण मामाला तेवढी सूट आहे. तिने जेईई दिली होती ती वडिलांच्या समाधानासाठी. स्वतःच्या समाधानासाठी तिने जयपूरच्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्राफ्ट्स अँड डिझाइन’ची प्रवेश परीक्षा दिली होती. भावजींच्या मनात जयपूरचंच एमएनआयटी, म्हणजे मालवीय राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान. आजीला कुणीतरी सांगितलं होतं की तिकडे वनस्थळीला मुलींचं मोठं विद्यापीठ आहे, 1935 पासूनचं, मुली तिथे खादी घालतात, घोड्यावर बसतात, विमानसुद्धा उडवायला शिकतात. आजीने तेवढ्यावर प्रवेश नक्की करून टाकला. निदान दिशा तरी तिघांची एकच निघाली. “मग एकदा जाऊन बघूनच येऊ,” असं ताई म्हणाली, आणि भावजींनी बँकेची जुनी डायरी काढली.

डायरीत रकाने आखले गेले. स्टेशनपासून अंतर. लिफ्ट. गरम पाणी. नाश्ता भाड्यात की वेगळा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 12 टक्क्यांवरून 5 वर आला, हे त्यांनी समासात लाल शाईने लिहून ठेवलं होतं. आपण राहणार दीड हजाराच्या खोलीत, पण वाचलेले 7 टक्के त्यांनी घरात सगळ्यांना वेगवेगळे गाठून सांगितले. रामबाग पॅलेसचीही चौकशी झाली. 1957 साली महाराजांनी राहत्या राजवाड्याचं हॉटेल केलं, ही माहिती मिळवून, एका रात्रीचं भाडं ऐकून, “आपल्याला काय, झोपायला तर जायचंय” म्हणत त्यांनी ती ओळ खोडली.

हॉटेलांचे चांगले अभिप्राय भावजी वाचत नाहीत. फक्त एक तारेवाले. “कौतुक करताना माणूस खोटं बोलतो, तक्रार करताना बोलत नाही.” जेवताना त्यांचं वाचन चालायचं. एका ठिकाणी बाथरूमचं दार आतून लागत नव्हतं, एका ठिकाणी वरातीचा बँड रात्री दोनपर्यंत, एका ठिकाणी मोराने पहाटे चारला उठवलं. मोराबद्दल तक्रार करणारा माणूस भावजींना एकदम आपला वाटला.

मग फोन. भावजींचं हिंदी बोरिवलीचं. “भाईसाब, गरम पानी चोबीस घंटा आता है क्या? नहीं, मतलब नल को आता है, या बादली से देते हो?”

पलीकडचा माणूस फार अदबीचा होता. “हुकुम, मई में गरम पानी ही आता है। ठंडा नहीं आता।”

हे खरं असल्याचं आम्हाला पुढे जयपुरात कळलंच; गच्चीवरच्या टाकीतून दुपारी जे पाणी येतं त्यात चहा करता येईल. पण भावजींनी त्या क्षणी रकान्यात बरोबरची खूण केली आणि समोर लिहिलं, ‘माणूस सभ्य’.

खरा घोळ घातला तो त्यांच्या लाडक्या शब्दाने, ‘मध्यवर्ती’. जागा मध्यवर्ती हवी. आता एमएनआयटी आणि चिऊचं डिझाइन कॉलेज शहराच्या दक्षिण अंगाला, जवाहरलाल नेहरू मार्गाच्या आणि झालानाच्या बाजूला, हे ठीक. पण भावजींनी वाटेत आणखीही दोन कॉलेजं यादीत घातली होती. मणिपाल विद्यापीठ अजमेर रस्त्याला डहमी कलांला, आणि एलएनएमआयआयटी बरोबर उलट्या टोकाला, जामडोलीच्या पुढे डोंगराच्या कुशीत. वर आजीची वनस्थळी, सत्तरेक किलोमीटरवर. भावजींनी नकाशा छापून आणला, पट्टी घेतली, रेघा मारल्या. मध्य निघाला तो सांगानेरच्याही पलीकडे.

“तिथे काय आहे?” ताईने विचारलं.

“शेत दिसतंय.”

“मस्त,” चिऊ कानातलं न काढता म्हणाली, “तंबू ठोका.”

ताईला परकोटात राहायचं होतं. परकोटा म्हणजे तटबंदीच्या आतलं जुनं जयपूर, सवाई जयसिंगाने 1727 मध्ये वसवलेलं. त्यात जुन्या हवेल्यांची आता हॉटेलं झालीत, झरोके आहेत, चौक आहेत. आयुष्यात एकदा तरी झरोक्यात बसून चहा प्यायची तिची इच्छा. भावजींनी थेट इतिहास काढला. जानेवारी 1751. ईश्वरीसिंहाने जीव दिला होता, होळकर आणि शिंदे यांच्या फौजा जयपूरला उतरल्या होत्या. आपली माणसं नवं शहर बघायला, खरेदी करायला म्हणून परकोटात गेली आणि भरदुपारी शहर त्यांच्यावर उठलं. वेशी बंद. प्रचंड कत्तल झाली.

“म्हणून आपण स्टेशनजवळ राहायचं,” असा भावजींचा निष्कर्ष.

“त्यांनी रिव्ह्यू वाचले नसतील,” चिऊ म्हणाली.

मी आपला ताईच्या बाजूने बोलायला गेलो की मराठी माणसाला जयपूरने मानानेही ठेवलेलं आहे. जयसिंगाचे गुरू रत्नाकर पुंडरीक महाराष्ट्रातले, ब्रह्मपुरीत त्यांची चित्रांनी भरलेली हवेली अजून उभी आहे. जगन्नाथ सम्राट त्याच दरबारातले. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीतून संस्कृतात आणली. भावजींनी शांतपणे ऐकून घेतलं. “त्यांना राजाने बोलावलं होतं. राजा बोलावतो तेव्हा राहायची सोय राजा करतो. आपल्याला कोण बोलावतंय? आपण कट-ऑफ बघायला चाललोय.” यावर मला उत्तर सुचलं नाही.

शेवटी ठरलं बनीपार्क. स्टेशनजवळ. कुठल्याही कॉलेजाच्या जवळ नाही, पण निघायच्या दिवशी धावपळ होणार नाही. या माणसांच्या डोक्यात पोहोचण्यापेक्षा निघण्याची काळजी जास्त असते. “आणि मेट्रो हाकेच्या अंतरावर आहे,” असं भावजींनी मोठ्या विजयाने सांगितलं. मेट्रो आहे, मानसरोवरपासून बडी चौपडपर्यंत जाते, छान आहे. फक्त ती आमच्या एकाही कॉलेजावरून जात नाही.

गाडीसुद्धा हॉटेलच्या हिशेबाने निवडलेली. जयपूर सुपरफास्ट संध्याकाळी बोरिवलीला धरायची, दुसऱ्या दिवशी दुपारी उतरायचं, म्हणजे बाराच्या चेक-इनला अर्ध्या दिवसाचं भाडं फुकट जात नाही. सामानात चार जणांच्या चादरी, कासवछाप, एक्स्टेंशन बोर्ड, स्वतःचं कुलूप आणि नायलॉनची दोरी. ही दोरी भावजींच्या लग्नाआधीची आहे. जयपूरच्या मे महिन्यात धुतलेला टॉवेल दोरी बांधून होईपर्यंत हातातच वाळतो, पण दोरी बांधली गेली.

खोलीत शिरल्यावरचा विधी बघण्यासारखा असतो. चप्पल न काढता आधी गादी दाबायची. उशी हुंगायची. नळ सोडायचा, बंद करायचा, थेंब मोजायचे. पलंगाखाली बॅटरी मारायची. एसी लावून डोळे मिटून आवाज ऐकायचा, वैद्य नाडी बघतो तसा. हे सगळं उत्तम निघालं तरी शेवटी बाहेर येऊन म्हणायचं, “दुसरी खोली दाखवा.” पहिली खोली घ्यायची नसते. का, ते विचारू नये. अदबीच्या माणसाने दुसरी दाखवली, तिसरी दाखवली, आणि भावजींनी “पहिलीच बरी होती” म्हणून तिचीच किल्ली परत घेतली. ताई तोपर्यंत त्याच खोलीत आंघोळ करून केस विंचरत बसली होती. तिला अनुभव आहे.

कॉलेजं बघितली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. सुट्टीतलं कॉलेज म्हणजे वॉचमन, रजिस्टर आणि झाडं. एमएनआयटीच्या दारात भावजी क्षणभर भारावून उभे राहिले. 1963 चं कॉलेज, पुढे एनआयटी झालेलं, हे सगळं त्यांनी वॉचमनला सांगितलं. निम्म्या जागा राजस्थानच्या मुलांना, उरलेल्या निम्म्यांत सगळा देश, हेही सांगितलं. वॉचमनने “जी” म्हणून सही घेतली. चिऊ सावली शोधत होती.

डिझाइन कॉलेजात मात्र ती हरवलीच. छापकामाची टेबलं, लाकडाचे ठसे, मातीकाम. आणि पाठीशी सांगानेर आणि बगरूसारखी छिप्यांची गावं. कुठली तरी वरच्या वर्गातली मुलगी भेटली, दोघी पायरीवर बसून बोलत राहिल्या. दहा मिनिटांत तिचं ठरलं. भावजींना हॉटेल ठरवायला लागलेला वेळ मी इथे पुन्हा सांगत नाही.

बाजूला झालानाचं जंगल आहे आणि त्यात बिबटे आहेत, लोक जीपमधून बघायला जातात. हे कळल्यावर ताईचा चेहरा उतरला. भावजींनी मात्र पहिल्यांदाच हात झटकले. “बिबट्याचं काय सांगतेस? आपण बोरिवलीचे.”

मग मुलींचं एक वसतिगृह बघायचं होतं. पुरुषांना फाटकाच्या आत प्रवेश नाही. ताई आणि चिऊ आत गेल्या; भावजी बाहेर लिंबाखाली, बेचाळीस अंशांत, कानाला फोन.

“गादी दाबून बघ. दाबलीस? किती आत जाते?”

“खिडकी कुठल्या बाजूला? पश्चिमेला नको, दुपारी तापेल.”

“नळ सोड. आवाज ऐकव.”

“कडी आतून नीट लागते का? दोनदा लावून बघ. चिऊला लावायला सांग.”

मला हसू येत होतं, पण त्यांच्याकडे बघितल्यावर ते मी गिळलं. डायरी उघडीच होती आणि त्याच जुन्या रकान्यांत उत्तरं भरली जात होती. ‘स्टेशनपासून अंतर’ पुढे त्यांनी काहीतरी लिहिलं, मग ते खोडून ‘घरापासून’ असं केलं, आणि पुढचा रकाना कोरा ठेवला. मग घसा साफ करून फोनवर म्हणाले, “त्या मॅडमना म्हणावं, दुसरी खोली दाखवा.”

मॅडमचं उत्तर आम्हाला लिंबाखालीसुद्धा, फोनशिवाय ऐकू आलं.

चिऊला डिझाइनला प्रवेश मिळाला. आजी नाराज आहे, पण घोडा नाही तरी बिबट्या आहे यावर तिची समजूत काढलीय. वर्ग सुरू होतील तेव्हा चिऊला सोडायला भावजी जाणार आहेत आणि पहिले आठ-दहा दिवस तिथेच राहणार आहेत, “पोरीला काही लागलं तर.” चिऊला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या माहितीत जयपुरात, मालवीयनगर, बापूनगर किंवा झालानाच्या बाजूला एखादी खोली असेल तर जरूर कळवा. ओळखीच्यांचं घरसुद्धा चालेल. गरम पाणी नसलं तरी चालेल, स्टेशन कितीही लांब असलं तरी चालेल. फक्त घरमालकांना एवढं आधी सांगून ठेवा की दाखवायला दोन-तीन खोल्या रिकाम्या ठेवाव्यात. भावजी घेतील ती पहिलीच.