निवांतकाका

"एकदम निवांत जायचं हं, धावपळ अजिबात नको," असं एखादा माणूस तीनदा म्हणाला, तर त्याच्याबरोबर सहलीला जाताना चपला घालू नयेत. बूट घालावेत, नाड्यांचे.

हा माणूस प्रत्येक सोसायटीत असतो, प्रत्येक कचेरीत असतो. मोठ्या कुटुंबात दोन असतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेत किंवा पाटबंधारे खात्यात झालेली, खिशाला पेन आणि पेनाशेजारी एक शिसपेन्सिल. पेन ठरलेल्या गोष्टींसाठी, पेन्सिल ठरायच्या गोष्टींसाठी. आमच्या इमारतीत या जागेवर जे गृहस्थ आहेत त्यांना सगळे 'निवांतकाका' म्हणतात. आम्ही पाठीमागे म्हणतो, काकू समोर म्हणतात.

काकांची लाडकी जागा अलिबाग. लोणावळ्याला गर्दी, गणपतीपुळे लांब, आणि गोव्याला माणसं आराम करतात तो त्यांच्या मते आराम नव्हे, आळस. अलिबागला मात्र समुद्र आहे, मासे आहेत, किल्ला आहे आणि इतिहास आहे. यातले समुद्र आणि मासे आम्हाला हवे असतात. उरलेल्या दोघांची मागणी आजवर कोणी केलेली नाही, पण बेत नेमका तिथूनच सुरू होतो.

कारण कुलाबा किल्ला भर समुद्रात आहे आणि ओहोटी असली तरच चालत जाता येतो. सामान्य माणूस सहल ठरवताना शनिवार-रविवार बघतो, काका तिथी बघतात. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब त्यांना तोंडपाठ आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला गेलात तर ऐन दुपारी भरती, मग किल्ला लांबूनच बघा. तेव्हा षष्ठी किंवा सप्तमी उत्तम. अकराच्या आसपास पाणी मागे हटतं, ऊनही डोक्यावर यायचं असतं. आता षष्ठी दर खेपेला शनिवारी येईल अशी सोय पंचांगात नाही, त्यामुळे आमची 'वीकेंडची सहल' बहुधा मंगळवारी सकाळी निघते आणि इमारतीतले नोकरदार साहेबाला तब्येतीचं कारण सांगतात. तिथीवरून वेळ काढून झाली की काका मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक उघडतात. दोन्हींत दहा-पंधरा मिनिटांचा फरक निघाला की, "मोबाइल जरा मागे आहे," म्हणून तो मिटून टाकतात.

मग गच्चीवर बैठक होते. जायचं कसं, यावर इमारतीत तीन पक्ष आहेत. गेटवेवरून लाँचने मांडव्याला जाऊन तिथून बसने जाणारा जुना पक्ष. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवून तासाभरात मांडवा गाठणारा, २०२० नंतर उदयाला आलेला सधन पक्ष. आणि पेण-वडखळ करत रस्त्यानेच जाऊ म्हणणारा पक्ष, ज्याच्या पुढाऱ्याला बोट लागते पण तो ते कबूल करत नाही. काका सर्वांचं शांतपणे ऐकून घेतात. चहा होतो, भजी होतात, लाँचच्या बाजूने कोणी भावनिक भाषण करतं. अखेर काका पिशवीतून झेरॉक्स काढून वाटतात. झेरॉक्स आदल्या दिवशीच्या असतात.

त्या कागदाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात 'निवांत' असा शब्द असतो. '५.४० गेटपाशी जमणे (निवांत)'. '७.५५ न्याहारी, पोहे किंवा उपमा, दोन्ही नाही (निवांत)'. दुपारी '२.१० ते २.४० वामकुक्षी'. हिच्यापुढे कंस नाही, कारण ती निवांतच असते असं काका धरून चालतात. प्रत्यक्षात २.२५ला दारावर टकटक होते आणि बाहेरून आवाज येतो, "झोपलात ना?" संध्याकाळी '४.३० ते ५.१५ किनाऱ्यावर मुक्त वेळ'. त्याखाली बारीक अक्षरात सूचना: घोळका सोडू नये.

एक सूचना तोंडी असते. अलिबागच्या हद्दीत 'अलिबागहून आलाय का?' हा विनोद कोणी करायचा नाही. काकांना तो मनापासून खटकतो. ज्या गावानं मराठी आरमार पाहिलं त्या गावाच्या माणसाला भोळसट समजायचं म्हणजे काय! या वाक्यावर बंदी घाला म्हणून २०१९ साली एक अलिबागकर उच्च न्यायालयातही गेला होता. न्यायालयाने विनोद विनोदासारखा घ्या म्हणून याचिका फेटाळली. काकांनी तो निकाल मान्य केलेला नाही.

मांडव्याहून बस निघाली की काका ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर उलटे, म्हणजे आमच्याकडे तोंड करून बसतात. डावीकडे नारळ, उजवीकडे नारळ, मध्ये काका. अलिबागची वेधशाळा जवळ आली की सगळ्यांना खिडकीशी बोलावतात. मुंबईच्या कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकत्व मोजायची वेधशाळा होती, पण शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजमाप बिघडेल म्हणून १९०४च्या सुमारास तिला अलिबागला हलवलं. इमारत बांधताना लोखंड टाळलं, का, तर उपकरणांना त्रास नको. मुंबईच्या गडबडीला कंटाळून अलिबागला आलेली पहिली मुंबईकर हीच, असं मला दर वेळी वाटतं. पण ते बोलायला वेळ मिळत नाही, कारण तोवर काका कान्होजी आंग्र्यांच्या समाधीपाशी उतरायला सांगून स्वतः उतरलेले असतात.

आणि मग किल्ला. ओहोटीला समुद्राचा तळ उघडा पडतो. शेवाळलेला खडक, डबकी, डबक्यांत अडकलेले छोटे मासे, त्यांना बघत थांबलेली पोरं आणि पोरांना "चला, चला, पाणी थांबणार नाही" म्हणून पुढे ढकलणारे काका. ज्यांना पाय भिजवायचे नाहीत त्यांच्यासाठी घोड्याचा टांगा असतो. टांगेवाले काकांना ओळखतात आणि नमस्कार करतात. पाणी कधी फिरणार, हे त्यांना विचारायचं की काकांना, असा प्रश्न एकदा आमच्यातल्या एकाने जोरात विचारला. टांगेवाल्याने काकांकडे बोट दाखवलं. काकांच्या आयुष्यातला तो बहुधा सर्वोच्च सन्मान असावा.

आत गेलं की काका वेगळेच दिसतात. घड्याळ विसरत नाहीत, पण आवाज खाली येतो. तटाच्या दगडांवर हात ठेवून सांगतात की हे अवाढव्य चिरे चुना न भरता नुसते एकावर एक रचलेत, म्हणजे लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. शिवाजी महाराजांनी १६८०च्या सुमारास काम सुरू केलं, पुढे कान्होजींनी इथूनच दर्यावर हुकूमत गाजवली. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन या किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. दोन सत्तांना मिळून जो किल्ला आटोपला नाही तो काका पन्नास मिनिटांत आटोपतात, हे मात्र त्यांच्या कौतुकाला बाध आणणारं नाही. चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा, त्यांच्यावरचं यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव, चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत असलेलं गोड्या पाण्याचं तळं, आणि राघोजी आंग्र्यांनी १७५९मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ. देवळात गार वाटतं. तिथल्या फरशीवर बसलं की उठावंसं वाटत नाही, आणि नेमकं तेव्हाच काका दारात उभे राहून मनगट वर करतात.

दुपारनंतरचं फार सांगत नाही. नागावच्या किनाऱ्याकडे जाताना आक्षीला शिलालेख असतो. शके ९३४, म्हणजे १०१२ सालचा, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जाणारा. भर उन्हात पोहण्याच्या चड्ड्या घातलेली सतरा-अठरा माणसं हजार वर्षांपूर्वीच्या मराठीपुढे उभी असतात आणि काका लेखातला राजा कोण, ते समजावत असतात. चौलचं रामेश्वर, रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आणि कोर्लई, जिथल्या गावात अजूनही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात, ही तिन्ही ठिकाणं कागदावर 'जाता जाता' या सदरात असतात. जाता जाता काय घडतं ते एकदा बघावं. रात्री खानावळीत सुरमई समोर आली की माणसं ती डोळे मिटून खातात. ती चवीनं नव्हे, झोपेनं.

लोक काकांची चेष्टा करतात, मीही करतो, हे सगळं त्याचंच लक्षण आहे. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. आमच्या इमारतीतल्या तरुण मंडळींचा गोकर्णचा बेत गेली कित्येक वर्षं शिजतोय. त्यांच्यात कोणी कागद काढत नाही, कोणी पैसे गोळा करत नाही, 'बघू रे, ठरवू, चिल' असं म्हणत सगळे निवांत असतात, आणि गोकर्णला अद्याप कोणी पोचलेलं नाही. काकांबरोबर माणूस निदान अलिबागला पोचतो. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या दाराखालून एक लिफाफा सरकतो. त्यात हिशेब असतो आणि उरलेले सदतीस रुपये, सुट्ट्यांसकट. सहलीत कोणाला उलटी झाली तर आवळासुपारी काकांकडे, पाय मुरगळला तर क्रेप बँडेज काकांकडे, चष्म्याचा स्क्रू पडला तर तोसुद्धा. स्वतः मात्र ते समुद्रात घोट्याच्या वर कधी गेलेले नाहीत. सहलीच्या सगळ्या फोटोंत ते कडेला असतात, अर्धे कापलेले, एक हात कशाकडे तरी दाखवत.

या माणसाबरोबर चाळीस वर्षं संसार करायचा तर काहीतरी युक्ती हवी. काकूंची युक्ती म्हणजे त्यांचा गुडघा.

हा गुडघा घरी दुखत नाही. जिन्यावर दुखत नाही, मंगळागौरीच्या खेळात तर मुळीच नाही. बोटीतही ठीक असतो. अलिबागच्या किनाऱ्यावर पाय ठेवला आणि समोर किल्ला दिसला की तो धरतो. काकू वाळूत उभ्या राहतात, कमरेवर हात ठेवतात आणि म्हणतात, "तुम्ही या जाऊन. मला काही आज जमायचं नाही." मग सुरूच्या झाडाखाली चटई पसरते, शहाळं येतं, पिशवीतून भरतकामाचा रुमाल निघतो. शहाळेवालीशी गप्पा सुरू होतात. यंदा पाऊस किती झाला, वालाच्या शेंगा कधी येणार, पोपटी लावायला भांबुर्डा कुठला चांगला. आम्ही घामाघूम होऊन परतलो की काकू उठतात, साडी झटकतात आणि सुक्या मासळीच्या बाजारात शिरतात. तिथे हाच गुडघा दीड तास न कुरकुरता चालतो. सोड्यांवर घासाघीस, बोंबलांचा वास घेऊन पारख, शेवटी पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा खांद्यावर. या कांद्याला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, हे काका मागून सांगत येतात. काकूंना मानांकन नको असतं, माळेमागे दहा रुपये कमी हवे असतात.

हा आजार संसर्गजन्य निघाला. पुढल्या खेपेला तळमजल्यावरच्या काकूंचा गुडघा धरला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी जावांचे चारही गुडघे. मग एका पुरुषाची कंबर. सुरूच्या झाडाखालची चटई रुंदावत गेली, किल्ल्याकडे जाणारी रांग आखडत गेली. काका काही बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, त्यांच्या लक्षातच आलेलं नाही.

परवा मुरुड-जंजिऱ्याच्या बेताचा कच्चा कागद त्यांनी काकूंपुढे ठेवला. मी तिथेच बसलो होतो, म्हणून पाहता आला. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिरा, तिथून परत, मग पद्मदुर्ग. जंजिऱ्याच्या ओळीसमोर शिसपेन्सिलने लिहिलं होतं: 'सौ.चा गुडघा (उजवा), धक्क्यावर, ४५ मि. (निवांत)'.

काकूंनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"अहो, पाऊण तास पुरायचा नाही. राजपुरीला मासळी बघायचीय मला. सव्वा तास करा."

काकांनी खोडलं आणि सव्वा तास केला. मग पेन्सिल पुढच्या ओळीवर नेली. "आणि पद्मदुर्गाला?"

"तिथे डावा," काकू म्हणाल्या.