गोधडी: पूर्वानुभवाची अट नाही, मावशीची आहे

ज्यांनी शर्टाचं बटणही कधी स्वतः लावलेलं नाही, पण ‘टेक्स्टाइल आर्ट’ किंवा ‘मिक्स्ड मीडिया’ असं काही कानावर पडलं की ज्यांचे हात शिवशिवतात, अशा मंडळींसाठी ही पुस्तिका आहे. मोठ्या शहरांत त्यांच्यासाठी शनिवार-रविवारच्या कार्यशाळा भरतात. फी भरली की सुई, दोरा, कापडाचे कापून ठेवलेले चौकोन आणि चहा मिळतो, आणि संध्याकाळी माणूस एक उशीची खोळ घेऊन घरी जातो. आमचा अभ्यासक्रम आंबागडचा आहे. इथे फी नाही, प्रमाणपत्र नाही आणि उशीच्या खोळीवर भागत नाही. शेवटी जे तयार होईल ते एक म्हातारी आणि तिला बिलगलेली दोन पोट्टी यांना पुरलं पाहिजे.

आंबागड भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. महाशिवरात्रीला गायमुखच्या यात्रेला जाणाऱ्यांना ही वाट ठाऊक असते. बाकीचे आले तर किल्ला बघायला येतात. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या पदरी असलेल्या राजा खान पठाणाने तो १७०० च्या सुमारास बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना आतल्या विहिरीचं सडकं पाणी प्यायला लावून संपवत, असं सांगतात. माणसांना एका जागी बसवून ठेवण्याची गावाला जुनी सवय आहे, एवढाच बोध नवशिक्याने यातून घ्यावा. गोधडीची पहिली अटही तीच. पाणी मात्र आता नळाचं असतं.

साहित्य: जुनी लुगडी, धोतरं, दुपट्टे, शर्ट. इथे पुस्तकं नेहमी रंगसंगतीबद्दल बोलतात. रंगसंगती हा गोधडीतला सगळ्यात सोपा भाग आहे. दोन धुण्यांनंतर सगळे रंग एकमेकांशी आपोआप जुळवून घेतात. अवघड आहे ते कापड मिळवणं. घरातल्या ट्रंकेत पडलेलं प्रत्येक लुगडं कोणाचं तरी असतं. जिवंत माणसाचं कापड न विचारता घेऊ नये, आणि गेलेल्या माणसाचं तर मुळीच घेऊ नये, कारण त्यावर हक्क सांगणारे जास्त असतात. आजीचं हिरवं लुगडं धाकट्या सुनेने काढलं की मोठी सून दारातूनच विचारते, “हे काहून फाडता जी?” या प्रश्नाला उत्तर नसतं. त्या लुगड्याचे सरळ दोन तुकडे करावेत आणि दोन गोधड्या घालाव्यात. आमच्याकडे गोधड्या थंडीच्या मानाने जास्त निघतात, त्याचं एक कारण हे आहे.

कापड सुती हवं, यात तडजोड नाही. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. घडी घालून पसरलं की वरचा किंवा खालचा थर एकट्यानेच होतो. पॉलिएस्टरची साडी दिसते छान, पण थरात टाकली की सरकते, घाम शोषत नाही आणि शेकोटीची ठिणगी पडली की वितळते. दुर्दैवाने गेल्या तीसेक वर्षांत घरात आलेल्या साड्या बहुतेक याच जातीच्या, त्यामुळे आज सुती लुगडं मिळवणं हेच अर्धं काम. टेरिकॉटची पँट कोणी कितीही प्रेमाने दिली तरी परत करावी, सुई मोडते.

मग कोसा. याच जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी नाव असलेलं गाव. येन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या वाढवायच्या, कोसे उतरवायचे, उकळून धागा काढायचा आणि मग मागावर बसायचं, असा तो लांबचा रस्ता. तिथली करवती काठाची साडी म्हणजे कोशाचं अंग आणि सुती काठ. काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणत एकमेकांत अडकवतात, म्हणून दोन्हींच्या सांध्यावर करवतीसारखे दाते दिसतात. नवशिक्याला अशी साडी सापडली की तो हर्षाने कात्री शोधू लागतो. कात्री काढून घ्यावी. साडी पार विरली असेल, तरच काठ कापून गोधडीच्या कडेला लावावा, आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला समोर बसवावं, म्हणजे पुढची दहा वर्षं “कोणी कापली?” हा प्रश्न निघत नाही.

दोरा विकत आणू नये. तुमसर ही धानाची जुनी बाजारपेठ, भोवती राइस मिल, त्यामुळे तांदळाचे कट्टे घरोघर. कट्ट्याचं तोंड ज्या दोऱ्याने शिवलेलं असतं तोच आपला दोरा: जाड, पांढरा, फुकट. साखळीची शिवण असल्याने ती एका बाजूने खेचली तर सरसर एका झटक्यात मोकळी होते, आणि दुसऱ्या बाजूने खेचली तर प्रत्येक टाक्याला अडून बसते. बाजू ओळखण्याची युक्ती तोंडी सांगून कळत नाही. नवशिक्याला कट्टा द्यावा आणि बाकीच्यांनी तोवर चहा घ्यावा. तो दात लावायला लागला की वर्ग घेणारी मावशी न बघताच दुसरं टोक पकडून दोरा ओढून देते. सुई मोठ्या नाकाची हवी, पण पोती शिवायचा दाभण नको. दाभणाने पडलेल्या भोकांतून पुढे पौष महिना आत येतो.

कृती. सपरीत किंवा सारवलेल्या अंगणात, सावली बघून, खालचं लुगडं अंथरावं. त्याच्या चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, कुकर आणि घरातलं सगळ्यात लहान मूल ठेवावं. मधले थर विरलेल्या कापडाचे. फाटकं आत, धड बाहेर. वरचा थर सुरकुती न ठेवता ताणून आधी कच्चे टाके घालावेत, म्हणजे पुढे सगळं हलणार नाही. मग धावदोरा. कडेपासून सुरुवात करायची, बोटभर अंतर सोडत फेरे घालत मध्याकडे यायचं. कोण कुठे बसणार हे ठरवताना कौशल्य वापरावं लागतं आणि कोणत्याही पुस्तकात ते दिलेलं नसतं. ज्या दोघींचं बोलणं बंद आहे त्यांना शेजारी नाही, समोरासमोर बसवायचं. शेजारी बसल्या तर दोघींमध्ये हातभर जागा बिनशिवलेली राहते. समोरासमोर असल्या की दोघींचे फेरे मध्याकडे सरकत येतात, आणि दोन-चार दुपारनंतर डोक्याला डोकं लागायची वेळ येते. तेव्हा “जरा सरक नं वो माय” एवढं तरी बोलावंच लागतं. पाहुण्या मुलीला दारात बसवावं, म्हणजे येणारा-जाणारा तिचे टाके बघून मत देऊ शकेल. पुरुषांना सुईत दोरा ओवायला ठेवावं. चष्मा न लागणारा पुतण्या असेल तर तो या कामात सोन्याहून पिवळा, आणि पंधरा मिनिटांनी मोबाइल वाजला की कायमचा गायब.

टाके सारखे यावेत का? यावेत, असं पुस्तकं म्हणतात. पण आंबागडातल्या अनुभवी डोळ्याला एका गोधडीवर चार हात ओळखू येतात. एकीचे टाके धानाच्या दाण्याएवढे, दुसरीचे दोन बोटं लांब, तिसरीचे बोलता बोलता वाकडे गेलेले. बीडी वळून ज्यांची बोटं तयार झाली आहेत त्यांचे टाके आपण मोजायला जाऊ नये. नवशिक्याचा फेरा मावशी रात्री उसवते आणि सकाळी काहीच झालं नाही असं दाखवते. आपणही तसंच दाखवावं.

आता ‘मिक्स्ड मीडिया’. कार्यशाळेत या नावाखाली कापडावर शिंपले, बटणं आणि वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवतात. या प्रकारातला विदर्भातला सर्वश्रेष्ठ माणूस शोधायचा तर गाडगेबाबांपाशी जावं लागतं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जानोरकर: अंगावर चिंध्यांचं गोधडीसारखं वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात मातीचं गाडगं आणि खराटा. कापड, शंख, काच, माती आणि गवत, सगळी माध्यमं एकाच देहावर. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. त्यांनी प्रदर्शन भरवलं नाही, गावं झाडली. आपल्याकडून तेवढं होणार नाही, म्हणून आपण निदान शर्टाचा खिसा न उसवता गोधडीच्या वरच्या थरात तसाच ठेवावा. शिवण्याआधी तो तपासावा मात्र, कारण त्यात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी निघण्याची शक्यता मोठी. गोधडी तयार झाली की ती पन्नी परत त्याच खिशात जाते आणि आजोबांना अंधारात उठावं लागत नाही.

शेवटचा टाका घालण्याआधी आत तांदळाचे चार दाणे सोडावेत का, असा प्रश्न काही जण विचारतात. कारवारच्या वरच्या अंगाला, हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका त्यांच्या कवंद नावाच्या गोधडीत धान्य ठेवतात; गोधडीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. भंडारा म्हणजे धानाचंच कोठार, इथे चार दाण्यांना कोण नाही म्हणेल? उंदरांचं मत विचारलेलं नाही.

ज्यांना हे सगळं कला आहे याचा पुरावा हवा असतो त्यांच्यासाठी एक माहिती. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतमजुरांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी कामाचे झिजलेले कपडे जोडून घातलेल्या गोधड्या २००२ मध्ये आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. आता लोक हात मागे बांधून त्यांच्यासमोर उभे राहतात. आमची मावशी हे ऐकून एवढंच विचारते की भिंतीवर टांगल्या तर पांघरतात काय.

गोधडीची खरी परीक्षा भाऊबीजेनंतर होते. तेव्हा गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, रात्री दंडार किंवा नाटक असतं आणि ते पहाटेपर्यंत चालतं. उघड्यावर, जमिनीवर बसून खलनायक मरेपर्यंत थांबायचं तर खाली एक आणि वर एक अशा दोन गोधड्या लागतात. बाजारात मिळणारं गुलाबाच्या फुलांचं गुबगुबीत ब्लँकेट घेऊन येणारेही आता बरेच दिसतात. तणसाच्या काड्या त्याला अशा चिकटतात की दुसऱ्या दिवशीही निघत नाहीत. घरी आल्यावर गोधडी धुवायची, आणि ओली गोधडी एकट्याला उचलत नाही. दोन टोकांना दोघांनी धरून उलटसुलट पीळ द्यावा लागतो. ज्या नवशिक्याने शिवताना काही केलं नाही, त्याचा हा तास राखीव.

प्रवेशाची वेळ: मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायची असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता, त्यामुळे वर्ग फक्त दुपारी भरतो. मृग लागला की पऱ्हे टाकले जातात, मग रोवणी, आणि तिथून पुढे मावशी शेताच्या बांधावरच भेटेल. म्हणून यायचं असेल त्यांनी जूनच्या आत यावं. येताना एक जुनं सुती लुगडं आणावं आणि ते कोणाचं आहे हे घरी विचारून यावं.