अखेर मराठी माणूस धंद्यात उतरला

मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे ऐकत ऐकत आमच्या तीन पिढ्या कारकुनी करून निवृत्त झाल्या. वसंत व्याख्यानमालेपासून गल्लीतल्या गणपतीच्या मांडवापर्यंत प्रत्येक वक्त्याने हाच गळा काढला. नोकरीच्या मागे लागू नका, मालक व्हा! आता हा गळा आवरता घ्यायला हरकत नाही. संध्याकाळी पुण्यातल्या कुठल्याही सिग्नलला उभे राहा. पाठीवर डोक्याच्याही वर गेलेली बॅग, हँडलला अडकवलेला मोबाइल, एक पाय डांबरावर टेकवून लाल आकडे कधी संपतात याकडे लागलेले डोळे. हे सगळे मालक आहेत. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे असे सुट्या आणि ॲपवरच्या कामावर पोट असलेले लोक 2020-21 मध्ये देशात 77 लाख होते आणि 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाख होतील. एका देशात इतके मालक झाल्यावर नोकर कुठून आणायचे, याचा विचार आयोगाने केलेला दिसत नाही.

आमचा भाचाही या उद्योगपर्वात सामील झाला. बी.कॉम. झाला, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची खुर्ची झिजवली आणि एक दिवस पेढे घेऊन आला. "मामा, स्वतःचं काम सुरू केलं. पार्सल पोचवायचं. कुणाची चाकरी नाही, साहेब नाही, वाटेल तेव्हा काम करायचं." ताईने गाडीला हार घातला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवले. भांडवल म्हणाल तर गाडी हप्त्यावर, मोबाइल हप्त्यावर. टी-शर्ट आणि बॅग कंपनीची, म्हणजे त्यांचे पैसे पहिल्या कमाईतून कापून घेतले एवढेच. नफा किती कुणाचा याबद्दल मतभेद होऊ शकतात, पण पंक्चर भाच्याचे, याबाबत दोन्ही बाजूंचे पहिल्या दिवसापासून एकमत आहे.

धंद्याची आमची कल्पना जुनी, पेठेतली. भाव दुकानदाराने सांगायचा, उधारी त्याने नाकारायची, 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी अभिमानाने लावायची आणि गिऱ्हाइकाने फार चौकशा केल्या तर त्याला वाटेला लावायचे. भाच्याच्या धंद्यात यात थोडी सुधारणा झाली आहे. भाव कंपनी ठरवते. तो बदलला की सकाळी मोबाइलवर निरोप येतो, "अभिनंदन! तुमच्यासाठी नवी आकर्षक दररचना!" अभिनंदन वाचले की पार्सलमागे दोन रुपये गेले, हे भाच्याला आता पाठ झाले आहे. गिऱ्हाइकाला तो वाटेला लावू शकत नाही, गिऱ्हाईक मात्र त्याला लावू शकते. त्यासाठी पाच चांदण्यांची सोय आहे.

पुण्यातल्या व्यापाऱ्याचा जन्मसिद्ध हक्क म्हणजे दुपारी 1 ते 4 दुकान बंद. पहिल्याच उन्हाळ्यात भाच्याने तो बजावून पाहिला. मालकच तो! जेवून ॲप बंद करून पडला. उठून बघतो तर आठवड्याचा इन्सेंटिव्ह गेलेला आणि दुसऱ्या दिवशीचा चांगला रूट दुसऱ्याला. साहेब नाही म्हणतात ते खोटे नाही. रागवायला कुणी नव्हतेच. कुणाशी भांडावे म्हणून त्याने मदतकेंद्राला लिहिले, तर तिकडून एका यंत्राने फार आपुलकीने खेद व्यक्त केला.

आता दुपारी 2 वाजता तो उपाशी विठोबाच्या आसपास गल्ल्या शोधत असतो. पत्त्यात लिहिलेले असते 'मारुतीच्या देवळाजवळ'. पेठांमध्ये हा पत्ता दिल्याबद्दल दंड व्हायला हवा. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, सोन्या मारुती. नकाशातल्या बाईला यातला एकही माहीत नाही, ती आपली 'उजवीकडे वळा' म्हणत त्याला नो एंट्रीत घालते. चलनही अर्थात मालकाच्याच नावे येते. घर सापडले तर दारावर पाटी, '1 ते 4 बेल वाजवू नये'. बेल वाजवली तर आजोबा चांदणी कापतात, न वाजवता परत नेले तर त्या पार्सलचे पैसे शून्य. या पेचावर भाच्याने जो तोडगा काढला आहे, तो व्यवस्थापनाच्या पुस्तकात जायला हवा. तो जिन्यात खोकतो.

वाकड-हिंजवडीकडे पेच वेगळा. तिथे फाटकावर नाव, नंबर, फोटो, कुणाकडे, कशाला, सगळे द्यावे लागते. एवढी चौकशी ताई सून पसंत करतानाही करणार नाही. मग उद्योजकाला माल न्यायच्या लिफ्टकडे पाठवतात, कारण मुख्य लिफ्टमध्ये 'डिलिव्हरी बॉयना मनाई' असते. चौदाव्या मजल्यावर काकू म्हणतात, "ओटीपी मुलाच्या फोनवर येतो, आणि मुलगा बंगळूरला मीटिंगमध्ये आहे." एका इमारतीत लिफ्टच बंद होती. पाचव्या मजल्यावर डंबेल्सचे खोके होते. भाच्याने फोन करून विचारले, "साहेब, जरा खाली येता का?" साहेब म्हणाले, "अहो, पाच जिने मला झेपत नाहीत. म्हणून तर व्यायाम सुरू करतोय."

रात्री हबवर रोकड भरायची. मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. टेबलावर नोटांच्या चवडी, भाचा अंगठ्याला थुंकी लावून मोजतोय आणि पलीकडचा मुलगा प्रत्येक पाचशेची नोट दिव्यासमोर धरतोय. एका नोटेचा कोपरा चिकटपट्टीने जोडलेला निघाला. "ही नाही चालणार." ती नोट ज्या बाईने दिली होती तिने वस्तू ठेवून घेतली, कंपनीने विक्री मोजली आणि नोट भाच्याच्या खिशात आली. भागीदारीत खोट वाटून घेतात म्हणे. इथे ती कुणी मागत नाही, सगळी त्याचीच.

गाडीला पाटी पांढरी. म्हणजे आरटीओच्या लेखी गाडी खासगी, धंद्याची असती तर पिवळी लागली असती. याचा उलगडा गाडी उभी असेपर्यंत होत नाही, ती आडवी झाल्यावर होतो. भाच्याचा एक मित्र बाणेरला खडीवरून घसरला. विम्याचा माणूस म्हणाला, खासगी गाडी धंद्याला वापरत होता, दावा कसा मंजूर करायचा? ॲप म्हणाले, शेवटचे पार्सल देऊन झाले होते, म्हणजे तो कामावर नव्हता. एकाच्या मते तो धंदा करत होता, दुसऱ्याच्या मते काहीच करत नव्हता. दोघांचेही कागद बिनचूक होते. फक्त मित्राचे हाड मोडले होते.

या बाबतीत जुने लोक फार मागासलेले. माथाडी आणि हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर ओझी वाहायचे. ठरलेला धनी कुणी नाही. त्यांनाही म्हणता आले असते की बाबांनो, तुम्ही स्वतंत्र उद्योजक आहात, पाठ तुमची, मान तुमची, भांडवल शंभर टक्के तुमचे! पण हे कुणाला सुचलेच नाही. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाड्यांचे मोर्चे काढले, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभारली, आणि महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा करून टाकला. मंडळ नेमले. ज्याचा माल उचलला त्याने मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची, आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार. धनी सापडत नाही ही सबब तेव्हाच्या सरकारने ऐकून घेतली नाही. मालक होण्याची केवढी संधी त्या माणसांची हुकली! ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही 2021 मध्ये असाच मागासपणा केला. उबरचे चालक हे कामगारच, त्यांना किमान वेतन आणि पगारी रजा द्या, म्हणाले.

आमच्याकडेही कायदा आहे. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये संसदेत मंजूर झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आली. ज्या देशात कोथिंबीर 10 मिनिटांत दारात येते, तिथे ही संहिता 5 वर्षे कुठल्या हबमध्ये पडून होती, हे ट्रॅकिंगवर दिसत नव्हते. कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के ॲपवर काम करणाऱ्यांसाठीच्या निधीत द्यायचे, पण या लोकांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांहून जास्त नाही, अशी ती तरतूद. भाच्याला मी हे समजावून सांगितले. तो म्हणाला, "मामा, ते पार्सल माझ्या रूटला नाही आलं अजून."

मध्यंतरी त्याला घरासाठी कर्ज हवे होते. बँकेत नोकरी म्हणावे तर पगारपत्रक मागतात, धंदा म्हणावे तर दुकानाचा परवाना. साहेबांनी दोन्ही रकाने पाहिले आणि चहा घेणार का विचारले.

मग आम्ही लग्नाचे बघायला घेतले. मध्यस्थांनी पत्रिकेवर 'लॉजिस्टिक्स क्षेत्रात भागीदारी' असे सुवाच्य अक्षरात लिहून दिले. मुलीचे वडील एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, आयुष्यभर कागद वाचलेला माणूस. पोहे येईपर्यंत त्यांनी विचारले, "भागीदारी म्हणता, मग करारनामा असेल ना?" भाच्याने मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि आजवर कुणीही केले नसेल ते केले. अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढल्या. बोटाने सरकवत सरकवत तळाशी गेले, पुन्हा वर आले.

"ह्यात तुमचं नाव कुठं दिसत नाही."

"नाव नसतं काका. आयडी असते."

"आणि ती बंद केली तर?"

"नवीन काढायची."

त्यांनी मोबाइल परत दिला, चष्मा खिशात घातला आणि बशी पुढे सरकवली. "पोहे घ्या," म्हणाले.