नानांना चालत नाही

वांग्याची भाजी अजून चार पानं लांब असते, तेव्हाच नाना दोन्ही पंजे पत्रावळीवर आडवे धरतात. तोंडानं काही बोलत नाहीत. केदारखेड्यातले जुने वाढपी ओळखून पुढं सरकतात. सप्ताहाच्या पंगतीत एखादा नवा पोरगा मात्र "घ्या ना नाना, चमचाभर" म्हणून थांबतो आणि अडकतो.

"चमचाभर?" नाना मान वर करतात. "बाबा, मागं राजूरला एका लग्नात दोन फोडी खाल्ल्या होत्या. दुसऱ्या दिवशी माझी मान बघायला पाहिजे होतीस."

मग आत्ताची मान दाखवली जाते. तिच्यावर काही नसतं, पण तेव्हा कुठून कुठवर होतं ते बोटानं आखून दाखवतात. मागं बुंदीवाला खोळंबतो, त्याच्या मागं भातवाला. नानांच्या शेजारी बसलेल्या माणसाला या वेळात दोनदा भाजी मिळते, म्हणून काही चतुर लोक मुद्दाम त्यांच्या शेजारी बसतात.

प्रत्येक घरात असं कुणीतरी असतंच. कुणाला रात्रीचं दही चालत नाही, कुणाला हरभऱ्याची डाळ. आमच्या नानांचा कारभार मात्र पंचांगासारखा आहे, तिथीवार सगळं नोंदलेलं. वांगं वातूळ. पपई उष्ण, काकडी थंड. केळ्यानं कफ होतो, शेंगदाण्यानं पित्त उसळतं, आंबट ताक थेट गुडघ्यात उतरतं. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातली मिरची नुसती ट्रॅक्टरमधून शेजारून गेली तरी नाना नाकाला उपरणं लावतात. मोसंबीचा मात्र खास नियम आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय, बाहेरचे लोक ती नावानं मागून घेतात. नानांना दुसऱ्याच्या बागेतली मोसंबी चालत नाही. स्वतःच्या बागेतली चालते.

बंडीच्या खिशात प्लास्टिकची एक पिशवी असते. तिच्यात सेट्रिझिनच्या गोळ्यांची पट्टी, चार आमसुलं, सुंठेचा तुकडा आणि गेरूचा खडा. अंगावर काही उठलं की आधी आमसूल चोळायचं, मग गेरू उगाळून लावायचा, मग गोळी. गुण कशानं आला हे ते कधी ठरवत नाहीत. तिघांचेही आभार मानतात.

कुणाकडं जेवायला जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करतात. "माझ्यासाठी वेगळं काही करू नका हं. नुसतं साधं वरण. त्यात लसूण नको. फोडणी तुपाची. भाकरी ज्वारीची, पण मालदांडीची बघा जमलं तर." फोन ठेवून आम्हाला सांगतात, "आपल्यामुळं कुणाला तरास नको."

घरात काकू गेली कित्येक वर्षं दोन पातेल्यांत स्वयंपाक करतात. एक घरादाराचं, एक "यांचं". कुणी विचारलं, काय हो काकू, यांना नेमकं होतं तरी काय, तर त्यांचं एकच उत्तर असतं: "विचारा त्यांनाच." त्यात तक्रार आहे की सुटका, हे मला अजून कळलेलं नाही.

नानांना गप्प करणारं माणूस घरात एकच, त्यांची आई. आजींनी नव्वदी ओलांडली आहे, ऐकू कमी येतं, पण 'चालत नाही' तेवढं बरोबर ऐकू येतं. "आरं, बहात्तरच्या दुष्काळात तुला समदं चालत व्हतं की," त्या बाजेवरून म्हणतात. "मिलो चालत व्हती, सुकडी चालत व्हती. दोनदोनदा वाडगं घिऊन हुबा ऱ्हायचा."

"तवाचं पोट येगळं होतं, बाई," नाना म्हणतात आणि गोठ्याकडं निघून जातात.

अशा माणसाच्या हाती एक दिवस तपासणीचा कागद पडला. जालन्यात कुणीतरी शिबिर लावलं होतं. रक्ताचा एक नमुना द्या, कोणतं अन्न तुम्हाला सोसत नाही ते सगळं कळेल. डीएपीच्या चार-पाच गोण्या आल्या असत्या एवढे पैसे नानांनी काकूंना न सांगता भरले. काही आठवड्यांनी रंगीत पानांचं बाड आलं. लाल म्हणजे सोडा, पिवळं म्हणजे जपून, हिरवं म्हणजे बिनघोर खा.

लाल पानावर गहू, दूध, शेंगदाणा, मका आणि लसूण. नानांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी सरकारी वाटावा असा पुरावा हातात आला होता. हिरव्या पानावर कॉड मासा, शेवंड, ऑलिव्ह आणि ॲव्होकॅडो. नाना माळकरी. त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ पंढरपूरला घातलेली. आमच्या गावाला पूर्णा नदी आहे, पण तिच्यात शेवंड नाही. असती तरी नानांनी तिच्याकडं बघितलं नसतं. "म्हणजे एकादशीला मी काय खायचं?" त्यांनी बाड पालथं घालून विचारलं.

खरा घाव पुढं होता. वांगं हिरव्यात होतं. नाना बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. "हा रिपोर्ट चुकलाय," ते म्हणाले. बाकीचा सगळा बरोबर, एवढीच ओळ चुकलेली.

चूक असलीच तर ओळीत नव्हती, सगळ्या चाचणीतच होती. असल्या तपासणीत रक्तातली आयजीजी नावाची प्रथिनं मोजतात. आपण जे वरचेवर खातो त्याची शरीर ओळख ठेवतं, ती ही प्रथिनं. ती असणं म्हणजे आजार नव्हे. तुम्ही ते खाता, एवढाच त्याचा अर्थ. नाना रोज पोळी खातात म्हणून गहू लाल, शेंगदाण्याची चटणी चोरून खातात म्हणून शेंगदाणा लाल (हे काकूंना त्या कागदावरून कळलं). वांगं वर्षानुवर्षं तोंडात नाही म्हणून हिरवं. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ सालीच लिहून ठेवलंय की अन्नाच्या ॲलर्जीसाठी आयजीजी-४ च्या चाचण्या करू नयेत. तरी बाड छापणं चालूच आहे, आणि छापील कागदापुढं आपण सगळेच जरा वाकतो.

काकूंनी पैशाचा आकडा ऐकला आणि पहिल्यांदाच 'विचारा त्यांना' न म्हणता मला म्हणाल्या, "यांना खऱ्या डॉक्टराकडं ने."

छत्रपती संभाजीनगरला ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडं जाताना गाडीत मी नानांना गोष्टी सांगत होतो. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या डॉक्टरनं १९०६ साली काढला, याचं त्यांना विशेष वाटलं नाही. मग १९२१ ची गोष्ट सांगितली. जर्मनीत क्यूस्टनर नावाच्या डॉक्टरला मासे सोसत नसत. त्याचा सहकारी प्राउसनित्स याला मात्र माशांचा काही त्रास नव्हता. त्यानं क्यूस्टनरच्या रक्तातला द्रव स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथं लगेच गांध उठली. रक्तातच काहीतरी आहे हे त्यावरून कळलं. ते काहीतरी म्हणजे आयजीई, हे ठरायला पुढं १९६६-६७ उजाडलं.

नाना सरसावून बसले. "म्हणजे आपला तरास दुसऱ्याला टोचता येतो?" बांधाच्या वादात त्यांचं ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो शेजारी त्यांच्या डोळ्यांपुढं आला असणार. मी विषय बदलला.

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी बाड बाजूला ठेवलं आणि विचारायला लागल्या. काय खाल्लं? किती? किती वेळानं त्रास झाला? प्रत्येक वेळी होतो की कधीमधी? कच्च्यानं की शिजवलेल्यानं? असं खोदून आजवर कुणी विचारलं नव्हतं. नाना फुलून गेले, पण उत्तरं देताना अडखळायला लागले. दुधाचा मोठा पेला प्यायला की पोट गुडगुडतं, दही-ताकानं मात्र काही होत नाही. "ही ॲलर्जी नाही," बाई म्हणाल्या. "दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य वयानं कमी झालंय. निम्म्या जगाला असतं." निम्म्या जगाला असलेली गोष्ट नानांनी तिथंच यादीतून काढून टाकली.

त्वचेवरच्या चाचणीआधी काही दिवस सेट्रिझिन बंद करावी लागते, नाहीतर कातडी खरं बोलत नाही. ते दिवस घरानं कसे काढले ते विचारू नका. मग नानांच्या हातावर पेनानं खुणा करून अर्कांचे थेंब ठेवले आणि प्रत्येक थेंबातून बारीक सुई टेकवली. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मिनिटं भरायच्या आतच एका खुणेवर चांगली फुगीर गांध आली. नाना उठून उभे राहिले. "बघा! मी काय म्हणत होतो!"

"तो हिस्टामिनचा थेंब आहे, काका," बाई म्हणाल्या. "तो सगळ्यांचाच फुगतो. चाचणी नीट चाललीय ना, हे बघायला ठेवतात."

वांग्याच्या थेंबाखाली काही नाही. शेंगदाणा, गहू, लसूण, काही नाही. हरभऱ्याला तेवढी लहानशी गांध आली.

"हरभरा खाल्ल्यावर काय होतं?"

"काय होणार? हुळा तर मी पायलीभर खातो."

"मग खात राहा."

नानांना हे अजिबात पटलं नाही. गांध उठूनही खायचं? मी त्यांना बंगळुरू-मैसूरकडची मोठी पाहणी सांगितली. तिथं शंभरातल्या सव्वीस-सत्तावीस मोठ्या माणसांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धचं आयजीई सापडलं, पण खरी ॲलर्जी असावी असे लोक शंभरात जेमतेम एक-सव्वा. वांग्याबद्दलही मैसूरला वेगळा अभ्यास झालाय, त्यातही खरी ॲलर्जी शंभरात एकाहून कमीच निघाली. ज्याला ती खरोखर असते त्याचे ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास अडकतो. तिथं आमसूल आणि गेरूचं काम नाही. मांडीत ॲड्रेनॅलिनची सुई आणि तडक दवाखाना. बाईंनी ते नानांना नीट समजावलं, आणि त्या वेळी नाना खरंच गंभीर होऊन ऐकत होते.

शेवटची परीक्षा खाण्याची. घरून वांगं आणायचं आणि दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेसमोर, थोडं थोडं वाढवत खायचं. काकूंनी पहाटे उठून भरीत केलं. आधी बोटाच्या पेराएवढं. थांबा. मग अर्धा चमचा. थांबा. मग चमचा. नाना प्रत्येक घासानंतर मान चाचपत होते आणि काकू त्यांच्याकडं टक लावून बघत होत्या. डबा संपला तरी मान होती तशीच. "अजून आहे का?" नानांनी विचारलं. हा प्रश्न वैद्यकीय नव्हता.

बाईंचं लक्ष मात्र पुरळाच्या जागांकडं होतं. मान, पापण्या, कोपराच्या खोबणी, आणि जोर पावसाळ्यात. त्यांनी नानांच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. ही वेगळी चाचणी, हिला दोन दिवस लागतात, पाठीला पाणी लावायचं नाही. ते दोन दिवस नाना उघड्या अंगानं ओट्यावर बसून होते. येणाऱ्याजाणाऱ्याला पाठ दाखवली जात होती. पट्ट्या काढल्या तेव्हा एका चौकोनाखाली लालभडक उमटलं होतं. गाजर गवत.

मग सगळा उलगडा झाला. नानांचा वांग्यांचा वाफा बांधाला लागून होता आणि बांधावर गाजर गवत कमरेइतकं माजलेलं. वांगी तोडायला त्यातून जायचं, संध्याकाळी तीच भाजी खायची, सकाळी मान लाल. गवतानं केलं, नाव वांग्याचं झालं.

परत येताना नाना बोलत नव्हते. आमच्या रस्त्यावरच्या फाट्याशी म्हणाले, "मग माझ्याकडं राहिलं काय?" त्यांचा उतरलेला चेहरा बघवेना. मी म्हणालो, नाना, हे गवत साधंसुधं नाही. मूळ अमेरिकेतलं. आपल्याकडं १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं. तिकडच्या गव्हातून आलं असं लोक म्हणतात.

"म्हणजे माझं दुखणं अमेरिकेचं आहे?"

"हो."

घरी पोचेपर्यंत गडी सावरला होता. आता पंगतीत ते वांगं घेतात. काकूंचं दुसरं पातेलं फळीवर गेलंय. पण नानांचं काम वाढलंय. खुरपणीला ते स्वतः जात नाहीत, त्यांना चालत नाही, हे आता कागदावर आहे. दुसऱ्याच्या रानातून जाताना बांध बघून तोंड वाकडं करतात. परवा बोलणं बंद असलेल्या त्याच शेजाऱ्यानं गावकीला हुरड्याला बोलावलं होतं. आगटीत हुरड्याबरोबर वांगी भाजली होती. शेजाऱ्यानं इतक्या वर्षांनी स्वतः पुढं होऊन विचारलं, "नाना, आता वांगं चालतं म्हणे?"

"चालतं की," नाना म्हणाले. "कुठल्या वाफ्यातलं?"

"हा काय, बांधालगतचा."

नाना उठून बांधापर्यंत गेले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. शेजाऱ्यानं मुकाट्यानं पोराला खूण केली. पोरगा गवत उपटायला धावला तसे नाना मागून ओरडले, "हातमोजे घाल रं! आन् फुलावर यायच्या आधी उपटायचं असतंय, आता काय उपयोग!"