पाणी व वीज मालकाची

ठेकेदाराचं कोटेशन शेवटून वाचावं. पहिल्या पानावर चौरस फुटाचा दर असतो. तो आपल्या ऐपतीच्या जरासाच वर बेतलेला असतो. छातीत धस्स होऊ नये, पण 'जमवू कसंतरी' म्हणावंसं वाटावं इतपत. खरा मजकूर शेवटच्या पानाच्या तळाशी असतो. 'कंपाउंड, गेट, बोअर, सेप्टिक टँक, मीटर वेगळे. पाणी व वीज मालकाची.' म्हणजे ठरलेल्या दरात घर मिळतं, फक्त त्यात अंघोळ करता येत नाही.

तालुक्याच्या गावाबाहेर आमचा दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे. गुंठा 1089 चौरस फुटांचा, तेव्हा दोन गुंठे म्हणजे चांगलं ऐसपैस प्रकरण, असा घरात सगळ्यांचा समज होता. मग आर्किटेक्टने पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी सामासिक अंतरं सोडली आणि मधोमध एक आटोपशीर चौकोन उरला. त्या चौकोनात आईला स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं होतं, हिला ओट्यासमोर खिडकी, मुलाला स्वतःची खोली आणि अण्णांना 'कोणी आलं-गेलं तर' एक खोली. हे आले-गेलेले कोण, ते अजून ठरलेलं नाही. आमच्याकडे हल्ली पाहुणे चहा घेऊन निघतात. तरी त्यांच्यासाठी अटॅच्ड बाथरूमसकट एक खोली राखून ठेवली आहे.

हिशेबाची वही माझ्याकडे. तिच्यावरून एक लक्षात आलं, की लाखाचा आकडा माणसाला बोचत नाही. बोचतो तो शेकड्यांचा. आमची जमीन काळी. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. "अजून तीन फूट खाली जावं लागंल," असं मिस्त्री म्हणाले तेव्हा वहीत घसघशीत रक्कम चढली, पण कोणी हूं की चूं केलं नाही. जमिनीखालचं दिसतंय कोणाला! त्याच रात्री बेसिनच्या दोन नळांमधल्या चारशे रुपयांच्या फरकावरून आमटी दोनदा गरम करावी लागली.

अण्णांचा जीव मात्र वाळूत. वाळू ब्रासवर मिळते, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. गाडी आली की अण्णा चाकावर पाय देऊन टेप घेऊन वर चढतात, हौद्याची लांबी-रुंदी घेतात आणि मग एक सळई चारही कोपऱ्यांत खुपसून खोली बघतात. कारण गाडी मध्ये शिगोशीग दिसते आणि कोपऱ्यांत बसलेली असते. शेवटी मूठभर वाळू दाबून पाहतात. दमट वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून अंतर राखतात आणि आकारमान चांगलं पाव हिश्श्याने वाढू शकतं. मापावर घेणारा हवेचे पैसे मोजतो.

"ओली आहे," अण्णा म्हणाले.

"काका, पाऊस काय मी पाडला का?"

"पाडला नाहीस, विकतोयस मात्र."

दोघंही हसले, आणि भाड्यातून दोनशे रुपये कमी झाले. सळई वजनावर मिळते, म्हणून तिच्यात अण्णांना तेवढी गंमत वाटत नाही. तरी व्यासाचा वर्ग भागिले 162 हे सूत्र त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय. त्याप्रमाणे बारा मिलिमीटरची सळई मीटरला 0.89 किलो भरायला हवी. काटेवाल्याला हे माहीत आहे, आणि अण्णांना माहीत आहे हेही माहीत आहे.

22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. ही बातमी आमच्याकडे प्रत्येकाने आपापली साजरी केली. वाचलेल्या पैशांत आईने देवघराला संगमरवर धरला, हिने ओट्याचा कडप्पा काढून ग्रॅनाइट घेतला, मुलाने जिन्याखाली दिवे लावले. पैसे तेच. शिवाय 'घर काय आपण रोज रोज बांधतो का?' या प्रश्नाला आजवर कोणाला उत्तर सुचलेलं नाही. ठेकेदार तर हा प्रश्न आपल्या आधी विचारतो.

कोटेशनमध्ये स्लॅबच्या दिवसालाही रकाना नाही. मिक्सरपुढे नारळ फुटला, आणि घमेल्यांची साखळी सुरू झाली ती दिवेलागणीपर्यंत. मधे थांबून चालत नाही, सांधा राहतो. शेवटचं घमेलं वर गेल्यावर सगळ्या गँगला जेवण. एवढ्या खर्चात विनातक्रार झालेला हा एकच खर्च. माझ्या मते सर्वांत योग्य तोच. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर आळी बांधून पाणी भरलं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं. किमान सात दिवस, ऊन असेल तर दहा. पाणी मालकाचं असल्यामुळे टँकर मालकाचे. गावातला टँकरवाला आता आम्हाला रस्त्यात हात करतो.

परवा मिस्त्रींनी विचारलं, "कॉलमच्या सळया वर सोडायच्या का? पुढं-मागं मजला चढवायचा झाला तर?"

कर्जाचा शेवटचा हप्ता बँकेकडून यायचाय, खालच्या खिडक्यांना अजून काचा नाहीत. मी तोंड उघडणार, तोच आई, अण्णा आणि ही, तिघं एकदम म्हणाले, "सोडा."

नऊ कॉलम, प्रत्येकाच्या सहा सळया, हातभर वर. गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचा लेप द्यावा लागेल, तो एक्स्ट्रा. मी वहीत नवं पान काढलं. वर काय लिहू, म्हणून विचारलं, तर मुलगा म्हणाला, "पहिला मजला. माझी खोली तिकडे हलवा, खालची पाहुण्यांना द्या."