साक्षीदार जरा तरुण बघा

डोंबिवलीचा माणूस मरणाला भीत नाही. भीत असता तर सकाळची फास्ट लोकल पकडली नसती. भितो तो मृत्युपत्राला. 'केलं की माणूस जातोच' यावर फडके रोडवरच्या निम्म्या आजी-आजोबांचं एकमत आहे. उरलेले म्हणतात, "आमची मुलं तसली नाहीत हो, वकीलबाई." तसली कुणाचीच नसतात. तसल्या सुना नाहीतर जावई असतात, असं मला दोन्ही बाजूंनी सांगण्यात आलं आहे.

"सोसायटीत नॉमिनी लावलाय, मग कशाला?" हे त्यांचं ब्रह्मास्त्र. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांच्या वतीने सांभाळणारा, हे माझं म्हणणं कुणाला पटत नाही. मग मी भिंतीवरच्या 'कालनिर्णय'कडे बोट दाखवते. अख्ख्या महाराष्ट्राला मुहूर्त सांगणाऱ्या जयंत साळगावकरांनी मृत्युपत्र केलं होतं, तरी त्यांच्या शेअर्सच्या नॉमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर 2023 मध्ये निकाल आला: नॉमिनी झाला म्हणून मालकी मिळत नाही. यावर आजोबा गप्प होतात आणि आजी म्हणतात, "मी केव्हाची सांगतेय."

फ्लॅटची वाटणी चहा येईपर्यंत होते. घोडं अडतं तांब्याच्या बंबापाशी. गॅस गीझर आल्यापासून तो माळ्यावर आहे, पण दोन्ही मुलींना हवाय. न्यू जर्सीच्या मुलालाही व्हिडिओ कॉलवर अचानक बंब आठवतो.

पुढे साक्षीदार. किमान दोन लागतात. आजोबा मॉर्निंग वॉकचे मित्र आणतात. एक चौऱ्याऐंशीचे, दुसऱ्यांना बायपास झालेली. उद्या कोर्टात सही ओळखायला हे हवेत, हे मी कसं सांगू? मजकूर वाचायची साक्षीदारांना गरज नसते. तरी दोघेही चष्मा काढून वाचतात आणि बंबावर मत देतात.

काहींना जिवंतपणीच मोकळं व्हायचं असतं. राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला आपल्याकडे मुद्रांक शुल्क 200 रुपये, इतर आकार वेगळे. स्वस्ताई पाहून उत्साह येतो. मी म्हणते, सांभाळण्याची अट घाला. नाही सांभाळलं तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 कामी येतं. "पोटच्या पोराला अट? त्याला काय वाटेल?" पोराला काय वाटतं ते पुढे प्रांतांसमोर कळतं. आणि तिथे, त्याच कायद्याचं कलम 17 म्हणतं, वकील नको. ज्येष्ठांच्या कायद्यावर पोट भरणारी मी, ज्येष्ठांच्या न्यायाधिकरणाबाहेर बाकावर बसून अशिलाची पिशवी सांभाळते.

असो. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही, साधा कागद चालतो. शनिवारी दुपारी मी ऑफिसात असते. या, पण ज्याला घर द्यायचंय त्याला बरोबर आणू नका.